कांचेचें टेबल निवडतांना



नव्या जागेंत बिऱ्हाड थाटतांना किंवा जुन्या घरांतील सामान बदलतांना आजकाल पुष्कळ कुटुंबांत एक वाद निघतो. जेवणाचें टेबल लांकडाचें घ्यावें कीं कांचेचें? कांचेच्या बाजूनें बोलण्यासारखें बरेंच आहे. शहरांतल्या खोल्या लहान. त्यांत लांकडाचें भरीव टेबल ठेवलें कीं खोली भरून गेल्यासारखी वाटते; कांचेच्या टेबलाखालची जमीन मात्र दिसत राहते, आणि खोली आहे तेवढी तरी भासते. कांचेंत हळदीचा डाग मुरत नाहीं, तिला वाळवी लागत नाहीं, पावसाळ्यांत ती फुगत नाहीं. हे सगळे गुण खरे आहेत. परंतु दुकानांत गेल्यावर गिऱ्हाईक जे प्रश्न विचारतें, म्हणजे रंग कोणता, आकार गोल कीं चौकोनी, पाय पितळी कीं काळे, आणि शेवटीं भाव काय, त्यांत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न बहुधा येतच नाहीं. तो प्रश्न असा कीं, ही कांच फुटली तर कशी फुटेल?

प्रश्न जरा अशुभ वाटेल. नवी वस्तु घरांत आणतांना तिच्या मरणाची चौकशी कोण करतो? पण कांचेच्या बाबतींत ती आधीं केली पाहिजे. एकाच जाडीच्या, एकाच रंगाच्या, शेजारीं शेजारीं ठेवल्या तर मुळींच वेगळ्या न दिसणाऱ्या दोन कांचांपैकीं एक फुटली तर तिचे तलवारीसारखे लांब, धारदार तुकडे होतात; दुसरी फुटली तर खडीसाखरेएवढे बोथट खडे पडतात. ज्या घरांत मुलें धांवतात त्या घरांत हा फरक एखाद्या हाताचा, एखाद्या डोळ्याचा असूं शकतो.

डोळ्यांनीं पारख करण्याची जुनी रीत येथें उपयोगीं पडत नाहीं. पूर्वीं कांच घेतांना लोक ती उजेडाकडे धरून तींत लाटा दिसतात कीं काय तें पाहत, आणि लाटा नसलेली, दोन्ही बाजूंनीं घांसून गुळगुळीत केलेली कांच महाग पडे. इंग्लंडांत ॲलिस्टर पिल्किंग्टन यांनीं शोधून काढलेली नवी कृति १९५९ सालीं जाहीर झाली आणि हें सगळें बदललें. या कृतींत वितळलेली कांच वितळलेल्या कथलाच्या सपाट तळ्यावर तरंगत सोडतात. ती आपोआपच सपाट आणि चकचकीत होऊन बाहेर येते. आज सपाट कांच बहुतेक सर्वत्र अशीच तयार होते. त्यामुळें स्वस्त टेबलाची कांचहि आरशासारखी सपाट असते, आणि तिच्या रूपावरून तिच्या स्वभावाचा कांहींच अंदाज लागत नाहीं.

हा स्वभाव म्हणजे काय तें थोडें पाहूं. कांच दाबाला फार बळकट आणि ताणाला फार दुबळी. तिला दोन्ही बाजूंनीं दाबून चिरडणें कठीण. पण ती वांकली कीं जी बाजू ताणली जाते त्या बाजूवरील, डोळ्यांना न दिसणाऱ्या एखाद्या ओरखड्याचें तोंड उघडतें आणि तेथून तडा धांवूं लागतो. असे सूक्ष्म ओरखडे नाहींत अशी कांच व्यवहारांत सांपडत नाहीं. कापतांना, वाहतांना, पुसतांना ते पडतच असतात. उष्णतेनेंहि हेंच घडतें. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ज्यांनीं वापरला असेल, त्यांना तापलेल्या कांचेवर पाण्याचा थेंब उडाला तर काय होतें तें सांगावयास नको. थेंबाखालची जागा एकदम आकसूं पाहते, भोंवतालची आकसत नाहीं, आणि त्या ओढाताणींत कांच तडकते. गॅसवरून उतरलेली कढई थेट साध्या कांचेच्या टेबलावर ठेवली तर हाच प्रकार उलट होतो. कढईखालची जागा पसरूं पाहते, थंड कडा पसरत नाहींत, आणि ताण बसतो तो कडांवर. दोन जागांच्या उष्णतामानांत ४० अंशांच्या आसपास फरक पडला तरी साधी कांच तडकूं शकते.

या दुबळेपणावरची तोड आधीं एका खेळण्यांत दिसली होती. वितळलेल्या कांचेचा थेंब थंड पाण्यांत सोडला कीं त्याचा लांब शेपटीचा मणी बनतो. १६६० सालीं राजपुत्र रूपर्ट यानें हे मणी इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याकडे आणले, म्हणून त्यांना रूपर्टचे थेंब म्हणतात. या मण्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो दाद देत नाहीं. मात्र शेपटीचें टोंक नुसतें मोडलें कीं सबंध मण्याचा क्षणांत भुगा होतो. याचें कारण असें कीं, पाण्यांत पडतांच बाहेरचा थर आधीं थिजतो. आंतला गाभा मागाहून थिजतो, आकसतो आणि बाहेरच्या थराला आंत ओढून धरतो. कवच कायमचें दाबाखालीं राहतें आणि गाभा कायमचा ताणाखालीं. कवचावर ओरखडा असला तरी दाबामुळें त्याचें तोंड मिटलेलें असतें. पण एकदां तडा गाभ्यापर्यंत पोंचला कीं कोंडलेला ताण सगळीकडून मोकळा होतो. चंद्रशेखर आणि चौधरी या शास्त्रज्ञांनीं १९९४ सालीं अतिवेगवान छायाचित्रें घेऊन पाहिलें, तेव्हां हा तडा सेकंदाला सुमारे १.५ किलोमीटर वेगानें धांवतो असें आढळलें.

हीच युक्ति सपाट कांचेवर करण्याचा मान फ्रान्समधील रॉयर द ला बास्ती यांचा. तापविलेली कांच तेलाचरबीच्या कढईंत बुडवून कणखर करण्याचें पेटंट त्यांनीं १८७४ सालीं घेतलें. आज तेलाऐवजीं हवा वापरतात. कांच सुमारे ६२० ते ६५० अंशांपर्यंत तापवून तिच्या दोन्ही अंगांवर थंड हवेचे जोरदार झोत सोडतात. बाजारांत हिला टफन्ड कांच म्हणतात. तिचें बळ साध्या कांचेच्या चौपट-पांचपट असतें, सुमारे २०० अंशांचा फरक ती सोसते, आणि फुटलीच तर बारीक खडे होऊन पडते. ते खडे अगदींच निरुपद्रवी नव्हेत. अनवाणी पायांत शिरतात, डोळ्यांत उडूं शकतात. पण मांडींत घुसणारें पातें त्यांत नसतें.

तिचे दोन दोष मात्र दुकानदार क्वचितच सांगतो. पहिला, ती एकदां कणखर केली कीं मागाहून कापतां येत नाहीं, भोंक पाडतां येत नाहीं. म्हणून माप घरून नीट घेऊन जावें. दुसरा दोष विचित्र आहे. कांचेंत निकेल सल्फाइडचा एखादा सूक्ष्म कण राहिला असेल तर जलद थंड होतांना तो आपल्या जुन्याच रूपांत अडकून पडतो आणि पुढें महिन्यांनीं, वर्षांनीं हळूहळू रूप बदलून फुगतो. मग कोणी हात न लावतां मध्यरात्रीं टेबल फटाक्यासारखें फुटतें, आणि घरांतील वडीलधारीं माणसें दृष्ट लागली म्हणतात. हें क्वचितच घडतें. चांगले कारखानदार कांच बाहेर देण्यापूर्वीं २५० ते ३०० अंशांच्या भट्टींत कांहीं तास ठेवतात, म्हणजे जी फुटावयाची ती तेथेंच फुटून जाते. अशी परीक्षा झाली आहे काय, हें विचारण्यास हरकत नाहीं.

दुसरा उपाय जोडकांचेचा. एदुआर बेनेडिक्टस या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून १९०३ सालीं एक चंबू खालीं पडला, पण त्याचे तुकडे विखुरले नाहींत. आंत वाळून बसलेल्या द्रवाच्या पापुद्र्यानें ते धरून ठेवले होते, अशी हकीकत सांगतात. आज दोन कांचांच्या मध्यें एक चिवट पारदर्शक पडदा बसवून ही लॅमिनेटेड कांच करतात. ती तडकते, पण पसरत नाहीं. मोटारीच्या पुढच्या कांचेसारखी जाळें धरून राहते. किंमत जास्त आणि वजनहि बहुधा जास्त; पण घरांत रांगतें मूल असेल आणि खिशाला झेपत असेल, तर दोन टफन्ड कांचा जोडलेला पृष्ठभाग घ्यावा असें माझें स्पष्ट मत आहे.

आतां खरी टफन्ड कांच ओळखावी कशी? तिच्या एका कोपऱ्यांत बहुधा कारखान्याचा न पुसणारा शिक्का असतो. आपल्याकडे अशा कांचेसाठीं आय. एस. २५५३ हें भारतीय मानक आहे. तो आंकडा आणि आय. एस. आय. चिन्ह पहावें. चिकटविलेली कागदी पट्टी हा पुरावा नव्हे. आणखी एक सोपी परीक्षा आहे. उन्हांत वापरण्याचा पोलराइज्ड चष्मा डोळ्यांवर चढवून कांचेंत तिरपें पडलेलें आकाशाचें प्रतिबिंब न्याहाळावें. हवेच्या झोतांनीं उठलेले फिकट ठिपके किंवा पट्टे दिसले तर ती कांच टफन्ड समजावी. दुकानदार जरा चमकेल, पण गिऱ्हाईक जाणतें आहे हें त्याला कळलेलें बरें.

जाडीविषयीं एक गैरसमज सर्रास आढळतो. टफन्ड कांच बळकट म्हणून ती पातळ चालेल, असें पुष्कळांना वाटतें. पण कणखर केल्यानें कांच सहसा फुटत नाहीं, एवढेंच. तिचें वांकणें तेवढेंच राहतें. वांकणें कमी होतें तें जाडीनें, आणि तेंहि घनाच्या प्रमाणांत. ६ मिलिमीटरच्या कांचेपेक्षां १२ मिलिमीटरची कांच आठपट ताठ असते. चार पायांवर तोललेल्या जेवणाच्या टेबलाला १० किंवा १२ मिलिमीटर जाडी हवी. त्याबरोबर वजनहि येतें. एक मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर कांचेचें वजन अडीच किलो भरतें. या हिशेबानें ६ फूट लांब, ३ फूट रुंद आणि १२ मिलिमीटर जाड कांच सुमारे ५० किलोची होते. ती जिन्यावरून कोण नेणार, आणि खालचे पाय हा भार पेलण्याजोगे आहेत काय, हे प्रश्न पैसे देण्यापूर्वींचे आहेत. दिवाळीच्या साफसफाईंत पंखा पुसण्यासाठीं अशा टेबलावर कोणीहि चढूं नये. मधोमध टेंकलेल्या एका टांचेचा भार पसरलेल्या ताटांच्या भारापेक्षां फार निराळा असतो.

कडांकडे मुद्दाम लक्ष द्यावें. टफन्ड कांच सपाट अंगावर पडलेली वाटी सहज सोसते, पण कोपऱ्यावर बत्त्याचा किंवा पकडीचा नेमका टोला बसला तर तीच ढासळते. म्हणून कड गोल घांसलेली असावी आणि कोपरे वाटोळे केलेले असावेत. तिरपी कापलेली चमकदार कड दिसावयास सुरेख. पण तिच्यामुळें जेथें कांच जाड हवी तेथेंच ती पातळ होते. हें बैठकींतल्या टीपॉयच्या बाबतींत विशेष पहावें. (टीपॉयचा चहाशीं कांहीं संबंध नाहीं, तीन पायांचें तें टीपॉय. इंग्रजांनीं त्यांत चहा ओतला.) त्याची उंची ४० ते ४५ सेंटिमीटर, म्हणजे नुकत्याच चालूं लागलेल्या मुलाच्या छातीतोंडाशीं येणारी. त्यांतून कांच अगदीं स्वच्छ असली तर ती मुलाला दिसतच नाहीं. अशा घरांत रंगीत किंवा दुधी कांच, नाहीं तर निदान ठळक कांठ असलेली कांच घ्यावी. स्वच्छ कांचेची कड हिरवट दिसते ती लोहाच्या अंशामुळें. लोह कमी असलेली पांढरीशुभ्र कांच महाग मिळते, पण तो केवळ हौसेचा भाग आहे.

लांकडी टेबलावर नुसती कांच अंथरण्याची आपली जुनी चाल आहे. खालीं लांकडाचा आधार असल्यामुळें तेथें ५-६ मिलिमीटर जाडी पुरते. पण पावसाळ्यांत सांडलेलें पाणी दोहोंच्या मध्यें शिरून वाळत नाहीं, आणि लांकडाला पांढरे डाग पडतात. म्हणून मध्यें पारदर्शक रबरी ठिपके ठेवून हवेला वाट द्यावी. या कांचेखालीं कुटुंबाचीं जुनीं छायाचित्रें ठेवण्याचीहि चाल आहे. तीं ठेवूं नयेत. दमट हवेनें छायाचित्रावरचा सरसाचा थर कांचेला चिकटतो, आणि सोडवतांना आजोबांचा चेहरा कांचेवरच राहतो.

पुसतांना आधीं ओल्या फडक्यानें धूळ उचलावी, मग पुसावें. धुळींतली वाळू कांचेहून कठीण असते. कोरडें फडकें फिरविलें कीं तीच कांचेवर रेघा ओढते. कडेला टवका उडालेला दिसला तर ती कांच वापरांत ठेवूं नये, बदलावी. आणि कांच फुटलीच, तर मुलांना बाहेर काढून पायांत चपला घालूनच आंत जावें, मोठे तुकडे जाड कागदांत गुंडाळावे, बारीक कण ओल्या कागदानें टिपावे, आणि पुडक्यावर मोठ्या अक्षरांत ‘कांच’ असें लिहून तें ओल्या कचऱ्यांत न टाकतां निराळें, सांगून, कचरा नेणाऱ्याच्या हातीं द्यावें.