धूलिकणांची खानेसुमारी

चौकात तांबडा दिवा लागून वाहने थबकली म्हणजे पादचाऱ्याच्या हाडांची हमी मिळते. तीच व्यवस्था त्याच्या फुप्फुसांना जामीन राहते काय, हा प्रश्न निराळा. इंग्लंडातील सरे विद्यापीठाच्या अंजू गोयल व प्रशांत कुमार यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, मोटारचालकाच्या प्रवासाचा जेमतेम २ टक्के काळ सिग्नलच्या चौकांत जात असूनही, त्याच्या वाट्याला येणाऱ्या सूक्ष्मकणांपैकी सुमारे २५ टक्के त्याच अवधीत पदरी पडतात, असे आढळले.

हे प्रमाण मोटारीत बसलेल्या माणसाचे. पायी चालणाऱ्याला ते जसेच्या तसे लावणे हा बातमीदारी उतावीळपणा होय. तथापि, ज्या कडेला तो आपल्या पाळीची वाट पाहतो तिच्याच लगत थांबलेली इंजिने धुमसत असल्याने, आणि हिरवा दिवा लागताच सगळ्या गाड्या एकदम वेग घेताना धूरही उसळी घेत असल्याने, त्याची अवस्था सुखावह खासच नसते. कडेपासून चार पावले मागे उभे राहावे, एवढा बिनखर्ची इलाज त्याच्या हाती आहे.

मला खरे कौतुक वाटते ते या संशोधनात कण तोलले नसून मोजले, याचे. हवेची सरकारी दप्तरे सूक्ष्मकणांची नोंद वजनाने ठेवतात. गावाची खानेसुमारी रहिवाशांना काट्यावर चढवून करावी, तसलाच हा प्रकार. २.५ मायक्रॉन व्यासाचा एकच कण ०.१ मायक्रॉनच्या १५,६२५ कणांच्या भारंभार भरतो, आणि मोटारीच्या धुरातील बहुसंख्य कण तर याहूनही लहान!

मोजण्याची युक्ती स्कॉटलंडमधील फॉल्कर्कच्या जॉन एटकिनची. कोणत्याही विद्यापीठाचे पद न भूषविलेल्या या प्रकृतीने दुबळ्या गृहस्थाने, दमट हवा एकाएकी प्रसरण पावू दिली असता प्रत्येक कणाभोवती जलबिंदू जमतो हे हेरून, ते बिंदू आखीव रुपेरी पट्टीवर पाडले व भिंगातून मोजले. त्याच प्रसरणाच्या वाटेने पुढे गेलेल्या सी. टी. आर. विल्सन यांना मेघकोष्ठाबद्दल १९२७ चे नोबेल पारितोषिक लाभले. एटकिनचे नाव मात्र हवामानशास्त्रज्ञांखेरीज फारसे कोणाच्या ओठी नाही.

पाण्याऐवजी मद्यार्काची वाफ व डोळ्याऐवजी प्रकाशझोत वापरून हीच युक्ती आज गाड्यांच्या तपासणीत राबते. २०२० पासून आपल्याकडे अमलात आलेल्या भारत स्टेज ६ मानकांत डिझेल मोटारीवर दर किलोमीटरला ६०,००० कोटी कणांची मर्यादा आहे. गाडीच्या नळीशी मोजणी होते. चौकातील हवेचा सरकारी हिशेब अद्याप तागडीवरच चालतो.