संतमस: जिथे वर्ष दोन दिवसांत संपतं

मागचे दोन भाग आम्ही कर्जाच्या हप्त्यांवर बोललो. आजही थोडा हिशेब आहे, पण तो फार लांबच्या एका घराचा.

आकाशात बिभा नावाचा एक तारा आहे. बिभा चौधरी या शास्त्रज्ञ बाईंचं नाव त्याला दिलंय. त्याच्याभोवती एक ग्रह फिरतो, त्याचं नाव संतमस. हे नाव सुचवलं पुण्यातल्या एका शाळकरी मुलाने. शब्द संस्कृतातला, अर्थ झाकोळलेला. झालं असं, की 2019 मध्ये खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला 100 वर्षं झाली. तेव्हा शंभराहून जास्त देशांना एकेक तारा आणि त्याचा ग्रह नाव ठेवायला दिला. भारताच्या वाट्याला आलेला तारा तोवर नुसता नंबर होता, एचडी 86081. लोकांकडून नावं मागवली, मतदान घेतलं आणि डिसेंबरात बारसं झालं.

आपल्या सूर्याला आठ ग्रह आहेत हे आपण शाळेत शिकलो. पण रात्री चमकतात ते तारेही लांबचे सूर्यच, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांना असाच संसार आहे. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे सहा हजारांच्या आसपास ग्रह आजवर सापडलेत. त्यांना बाह्यग्रह म्हणतात. संतमस त्यातलाच एक.

आता तिथलं राहणं कसं असेल बघा. पृथ्वी सूर्यापासून 15 कोटी किलोमीटरवर आहे. संतमस आपल्या ताऱ्यापासून फक्त पन्नास-साठ लाख किलोमीटरवर. म्हणजे आपण अंगणात बसून ऊब घेतोय आणि तो चुलीच्या तोंडात बसलाय. ताऱ्याभोवती एक फेरी मारायला त्याला दोन दिवस आणि सव्वातीन तास लागतात. एक फेरी म्हणजे एक वर्ष. सोमवारी सकाळी गुढी उभारली, तर बुधवारी दुपारी पुन्हा पाडवा! वर्षाच्या मुदतीचं कर्ज घेणारीची काय अवस्था होईल, ते तुम्हीच बघा.

गुढी उभारायला तिथे जमीनही नाही म्हणा. आपल्या गुरूसारखा तो वायूचा गोळा आहे, वजनाने गुरूच्या निदान दीडपट. उष्णता हिशेबाने हजार अंशांच्या पुढे जाते. इतक्या जवळ फिरणाऱ्या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहते, असं शास्त्रज्ञ मानतात. तव्यावर टाकलेली भाकरी कुणी उलटलीच नाही, तर होईल तसं. एका अंगाला न संपणारा दिवस, दुसऱ्या अंगाला न संपणारी रात्र.

हे सगळं कळलं कसं? गंमत म्हणजे संतमस कुणी डोळ्यांनी पाहिलेलाच नाही. पंचमीला आपण फुगडी खेळतो. एखाद्या दणकट वहिनीने लहान पोरीचे हात धरून फुगडी घातली, तर पोर गरगर फिरते, पण वहिनीही जागच्या जागी थोडी झुलतेच. अंधारात पोर दिसली नाही तरी वहिनीच्या झुलण्यावरून कळतं, की हिच्या हाताला कुणीतरी आहे. ताऱ्याचंही तसंच. तो आपल्याकडे झुकतो तेव्हा त्याचा उजेड किंचित निळ्याकडे सरकतो, लांब जातो तेव्हा किंचित लालकडे. एसटी हॉर्न वाजवत आली की आवाज चढा लागतो आणि पुढे गेली की उतरतो, त्यातलाच हा प्रकार. बिभाचं हे झुलणं मोजून 2006 मध्ये ग्रह सापडला. किती वजनाची पोर, किती वेगात फिरते, हे त्या झुलण्यातूनच काढलं.

यावरून कुणाला वाटेल की आकाशात नुसत्या भट्ट्याच भरल्यात. तसं नाही. असे तापलेले मोठे ग्रह फार तर शंभरातल्या एखाद्या ताऱ्याभोवती असतात. पण ताऱ्याला ओढतात जोरात आणि फेरी संपवतात झटपट, म्हणून सापडतात आधी. गटाच्या बैठकीत मोठ्याने बोलणारीचंच नाव आधी पाठ होतं, हे आम्हाला चांगलं माहीत आहे.

संतमसपेक्षाही जहाल ग्रह आहेत. शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ज्यांच्या घरची माणसं जातात, त्यांना साच्यात ओतलं जाणारं लोखंड सांगायला नको. ते 1,400 अंशांच्या आसपास असतं, लांबूनही तोंड भाजतं. वास्प-76 बी नावाच्या ग्रहाच्या दिवसाच्या बाजूला 2,400 अंशांच्याही पुढे उष्णता आहे. तिथे लोखंड वितळत नाही, त्याची वाफ होते. ती वाफ वाऱ्याने रात्रीच्या बाजूला जाऊन निवते आणि लोखंडाचा पाऊस पडत असावा, असं 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी मांडलं. आणखी एक आहे, एचडी 189733 बी. लांबून सुंदर निळा. पण तो निळेपणा समुद्राचा नाही, हवेत तरंगणाऱ्या काचेसारख्या कणांचा असावा. वारा तासाला आठ हजार किलोमीटरच्या वर. त्या वाऱ्यात काच आडवी येत असेल.

या निळ्या ग्रहाकडे आपल्या महाराष्ट्रातूनही कान लावून झालाय. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची. ग्रहाकडून रेडिओलहरी आल्या तर त्याला पृथ्वीसारखं चुंबकत्व आहे का, ते समजेल, असा विचार होता. काहीच ऐकू आलं नाही. मग फ्रेंच आणि भारतीय शास्त्रज्ञांनी त्याच दुर्बिणीने 2009 मध्ये हॅट-पी-11 बी या दुसऱ्या ग्रहाकडे पाहिलं. एक क्षीण खूण मिळाली. ग्रह ताऱ्यामागे गेला तेव्हा ती नाहीशी झाली. 2010 मध्ये पुन्हा पाहिलं, तर काही नाही. त्यांनी सरळ तेवढंच छापलं: खूण वाटते, खात्री नाही. आम्हाला हे फार आवडलं. मोबाइलवर रोज नवी पृथ्वी सापडत असते, त्यापेक्षा हे बरं.

आता बिभाताईंबद्दल. जन्म 1913, कोलकाता. 1936 मध्ये त्या एम.एस्सी. झाल्या, वर्गात एकट्या बाई. देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर त्यांनी दार्जिलिंगच्या डोंगरांत फोटोच्या काचा ठेवल्या. आकाशातून येणाऱ्या अदृश्य कणांच्या खुणा त्या काचांवर उमटत. त्यांत एक नवाच कण असावा, असं दोघांनी लिहिलं. पण महायुद्ध सुरू होतं, चांगल्या प्रतीच्या काचा मिळेनात, काम तिथेच अडलं. पुढे इंग्लंडमध्ये सेसिल पॉवेल यांनी याच पद्धतीने, चांगल्या काचा वापरून, तो कण पक्का केला. 1950 चं नोबेल त्यांना मिळालं. बिभाताईंना होमी भाभांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेतलं. तिथल्या त्या पहिल्या स्त्री संशोधक. कोलारच्या सोन्याच्या खाणीत चाललेल्या प्रयोगांतही त्या होत्या. 1991 मध्ये त्या गेल्या, तोवर देशाचा एकही मोठा पुरस्कार त्यांच्या वाट्याला आला नव्हता.

हे ऐकून आमच्या गटातल्या एक आक्का म्हणाल्या, "एवढं राबली बाई, आणि नाव दिलं ते असल्या भट्टीला व्हय?" आक्का, भट्टी तो ग्रह. बिभा हे नाव ताऱ्याचं आहे, आणि त्याचा अर्थच तेज.

बिभा नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, पण तिची जागा पाहता येते. पाडव्याच्या आसपास रात्री दहाच्या सुमाराला गच्चीवर किंवा खळ्यावर जा. मघा नक्षत्राचा ठळक तारा जवळजवळ डोक्यावर असेल. हात लांब करून मूठ धरा आणि तिथून दक्षिणेला दीड मूठ खाली या, किंचित पश्चिमेकडे. ती जागा रिकामी दिसेल. उजेड नसलेल्या गावात, चांगल्या दुर्बिणीतून मात्र तिथे एक बारीक ठिपका दिसू शकतो. बिभा आपल्यापासून सुमारे 340 प्रकाशवर्षं दूर आहे. त्या ठिपक्यातून डोळ्यात येणारा उजेड तिथून निघाला, तेव्हा इथे संभाजी महाराजांचं राज्य होतं.