शेळीचे ताट

‘शेळी काय, काहीही खाते!’ असे आपण सहज बोलून जातो. शहरातील वर्गमित्रांकडून तर हे मी नेहमीच ऐकतो. आमच्या घरी चार उस्मानाबादी शेळ्या आहेत, आणि काहीही खाणारी शेळी मी तरी अजून पाहिलेली नाही. उलट तिच्याइतके चोखंदळ जनावर दुसरे नसेल. तिचा वरचा ओठ दुभंगलेला व चपळ असतो. त्यामुळे काटेरी बोरीतूनही ती नेमके कोवळे पान खुडते. पायाखाली तुडवलेल्या पाल्याला मात्र ती तोंड लावीत नाही. म्हणून पाला नेहमी पेंढी बांधून उंच टांगावा.

पाल्याची निवड का करावी लागते? वाळलेल्या कडब्यात प्रथिने जेमतेम ३ ते ४ टक्के असतात. सुबाभळीच्या वाळलेल्या पाल्यात ती २० टक्क्यांहूनही अधिक असतात. शेवरी, हादगा, शेवगा हेही असेच पौष्टिक. गाभण व दुभत्या शेळीला अशा पाल्याची विशेष गरज असते. तीस किलो वजनाच्या शेळीला दिवसाला साधारण अडीच-तीन किलो हिरवा पाला आणि अर्धा किलो वाळला चारा पुरतो.

परंतु पौष्टिक म्हणून एकच पाला पोटभर घालणे बरे नव्हे. सुबाभळीत मिमोसीन नावाचे द्रव्य असते. तिचा अतिरेक झाला तर जनावराचे केस गळतात, गलग्रंथी सुजते. म्हणून हिरव्या चाऱ्यात तिचा वाटा एक-तृतीयांशाहून अधिक नसावा. बाभळीच्या पाल्यात टॅनिन असते. ते फार झाले की प्रथिने पचत नाहीत, बेताने असले तर जंतांना आळा बसण्यास मदत होते. माझी आई शाळेत गेलेली नाही. पण ‘एका झाडावर शेळी पोसू नये’ हा तिचा नियम आहे, आणि शास्त्रही तेच सांगते.

काही पाला तर जिवावर बेततो. पावसाने ताण दिल्यामुळे खुरटलेली कोवळी ज्वारी, तसेच कापणीनंतर फुटलेले पोंगे यांत प्रुसिक आम्ल तयार होते. त्यामुळे रक्तात प्राणवायू असूनही शरीरातील पेशींना तो वापरता येत नाही आणि जनावर काही मिनिटांत दगावू शकते. यालाच आपल्याकडे ‘किराळ लागणे’ म्हणतात. असे झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यकास बोलवावे. घाणेरीचा पाला यकृत बिघडवतो, आणि कण्हेर तर विषच. भुकेल्या शेळीला एकदम ओला, कोवळा लसूणघास घातल्यास पोट फुगते. म्हणून आधी थोडा वाळला चारा द्यावा. पावसाळ्यात दव उतरण्यापूर्वी चरायला सोडू नये, कारण ओल्या गवताच्या पात्यांवर जंतांच्या अळ्या चढलेल्या असतात.

मित्रहो, अर्थशास्त्राच्या पुस्तकात शेळीपालनाला ‘पूरक व्यवसाय’ म्हटलेले असते. आमच्या घरात या ‘पूरक’ शब्दाचा अर्थ निराळा आहे. माझी पहिल्या वर्षाची फी दोन बोकडांच्या विक्रीतून भरली गेली. त्या वर्षी एखाद्या शेळीला किराळ लागली असती, तर आमच्या घराण्यातील कॉलेजात जाणारा पहिला मुलगा आज हा लेख लिहीत नसता. कोरडवाहू गावांतून येणाऱ्या आपल्यापैकी अनेकांची हीच कथा असेल. तेव्हा सुटीत गावी जाल, तेव्हा एवढे करा : बांधावर शेवरी, हादगा, शेवगा यांची चार-चार रोपे लावा, आणि पाऊस लांबला की शेळ्या ज्वारीच्या रानापासून दूर ठेवा. आपल्या शिक्षणाचा थोडा उपयोग गोठ्यालाही होऊ द्या.

— द्वितीय वर्ष, कला