झोपेची रंगीत तालीम

लॅपटॉपचं झाकण मिटलं तरी लिनक्स लगेच झोपत नाही. आधी सिस्टीमडी, म्हणजे सगळ्या सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्रॅम, 'सिस्टीम-स्लीप' नावाच्या फोल्डरमधल्या सगळ्या स्क्रिप्ट एकदम चालवतं. प्रत्येकीला दोन शब्द मिळतात: पहिला 'प्री', दुसरा झोपेचा प्रकार, जसं 'सस्पेंड' किंवा 'हायबरनेट'. जाग येताना त्याच स्क्रिप्ट पुन्हा चालतात, फक्त 'प्री'च्या जागी 'पोस्ट' असतं. सिस्टीमडीचं मॅन्युअल स्वतःच या सोयीला जुगाड ठरवतं, हे मला फार आवडतं.

मशीन झोपून उठेनासं झालं की पहिला संशय या स्क्रिप्टवर जातो. संशयित स्क्रिप्ट पुसायची गरज नाही. 'सीएचमॉड' या कमांडने तिची चालण्याची परवानगी काढली की फाइल जागच्या जागी गप्प बसते. संशय मशीन सुरू होताना चालणाऱ्या एखाद्या सर्व्हिसवर असेल, तर तिला मात्र नुसतं 'डिसेबल' करून भागत नाही, कारण दुसरी एखादी सर्व्हिस तिला ओढून आणू शकते. तिला 'मास्क' करायचं. मग तिचं नाव थेट 'डेव्ह-नल'कडे, म्हणजे निखळ शून्याकडे बोट दाखवतं आणि कुणीही बोलावलं तरी ती येत नाही.

स्क्रिप्ट निर्दोष निघाल्या तर? मग खुद्द कर्नलकडून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडून, झोपेची तालीम करून घेता येते. त्याच्या 'पीएम-टेस्ट' या फाइलमध्ये 'फ्रीझर' लिहून मशीनला झोपायला सांगितलं की फक्त चालू प्रोग्रॅम गोठतात आणि पाच सेकंदांनी मशीन आपणहून परततं. पुढे 'डिव्हायसेस', 'प्लॅटफॉर्म', 'प्रोसेसर्स' आणि 'कोअर': दर वेळी झोपेच्या आणखी एक पाऊल आत. ज्या पावलावर परतणं थांबलं, दोष तिथे. खरी झोप तपासायची तर 'आरटीसीवेक' ही कमांड समजा तीस सेकंदांचा गजर लावून देते.

पण मशीन उठता उठता मेलं, तर? पडदा काळा, कीबोर्ड बंद, लॉग लिहायला डिस्कही जागी नाही, आणि रीबूट केलं की रॅममधलंही सगळं पुसलं जातं. लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्सने 2006 मध्ये यावर अफलातून वाट काढली. रीबूटमध्ये टिकून राहतं ते एकच: मदरबोर्डवरचं घड्याळ. त्याची 'पीएम-ट्रेस' ही सोय चालू केली की कर्नल प्रत्येक टप्प्याची सांकेतिक खूण त्या घड्याळाच्या तारीख-वेळेतच लिहीत जातो. मशीन अडकलं की लगेच रीबूट करायचं, कारण घड्याळ तर पुढे सरकतच असतं. कर्नल ती तारीख उलगडून शेवटचा टप्पा कोणता होता ते सांगतो, कधी थेट ड्रायव्हरच्या फाइलचं नाव आणि ओळ. मशीनची तारीख मात्र भलत्याच वर्षात गेलेली असते. ती नंतर नीट लावून घ्यावी लागते.