झुरळाचं नाक कुठे असतं?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, हा प्रश्न मुलांना एकदा विचारून बघा. बहुतेक जण डोक्याकडे बोट दाखवतात. आपणही 'कीटक श्वासरंध्रांद्वारे श्वसन करतात' एवढं फळ्यावर लिहून पुढे जातो. मी स्वतः बरीच वर्षं हेच केलं.

केळशीत याचं उत्तर घरामागच्या वाडीतच आहे. गायरी, म्हणजे शेणखताचा खड्डा, उपसताना जाड, पांढरट, अर्धगोल वळलेल्या अळ्या निघतात. त्यांत नारळाचा कोंब पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्याच्या अळ्या हमखास असतात. एखादी मोठी अळी डबीत घ्या आणि तिच्या कुशीकडे बघा. तपकिरी ठिपक्यांची ओळ दिसेल. मुलांना मोजू द्या: प्रत्येक बाजूला ९. एक डोक्याच्या मागे, बाकीचे ८ पोटाच्या बाजूला. हीच श्वासरंध्रं. झुरळाला अशा १० जोड्या असतात, पण त्या इतक्या सहज दिसत नाहीत.

प्रत्येक रंध्रातून आत श्वासनलिका जाते. तिला फांद्या फुटत फुटत शेवटी केसाहून बारीक नळ्या थेट पेशींपर्यंत पोचतात. ऑक्सिजन तिथे मिळतो आणि कार्बन डायऑक्साइड बराचसा त्याच वाटेने बाहेर पडतो. म्हणजे आपल्याकडे जे ओझं रक्त वाहतं, ते इथे हवाच वाहते. पाण्यापेक्षा हवेत ऑक्सिजन सुमारे १०,००० पट वेगाने पसरतो, म्हणून लहान शरीराला हे परवडतं. झुरळ चिरडलं तर लाल रक्त दिसत नाही, ते यामुळेच. त्याच्या रक्तात हिमोग्लोबिन नसतं. (डास मारल्यावर हाताला लागतं ते लाल रक्त बहुधा आपलंच!)

नाकतोड्याच्या नावात नाक आहे, पण तोही पोटानेच हवा आत-बाहेर करतो. गवतावर शांत बसलेला असताना त्याचं पोट भात्यासारखं हलताना दिसतं. आणि ही रंध्रं कायम सताड उघडी नसतात. बहुतेक कीटकांना ती मिटता येतात, नाहीतर अंगातलं पाणी उडून जाईल.

आता पावसाळ्यातली करवंटी. तिच्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाच्या अळ्या डोकं खाली करून लटकतात. शेपटीकडची नळी पृष्ठभागाला टेकवून त्या हवा घेतात. डबक्यावर तेलाचा तवंग आला की ही नळी बंद होते आणि अळ्या गुदमरतात. वाडीत मात्र तेल ओतत बसू नका, दर आठवड्याला करवंट्या पालथ्या घाला. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात.

त्याआधी चार अळ्या काचेच्या बरणीत घेऊन तोंडाला फडकं बांधा. बरणीला टिचकी मारली की त्या तळाशी पळतात. परत वर यायला किती वेळ लागतो, ते मुलांना घड्याळ लावून मोजू द्या. मग ते पाणी त्याच दिवशी उन्हात, कोरड्या जमिनीवर ओतून टाका.