पहिले बारा आठवडे

विरार लोकलच्या गर्दीत मळमळलं किंवा अर्नाळ्याच्या सुक्या बोंबलांचा वास अचानक नकोसा झाला, तर पाळीची तारीख आठवून पाहा. गर्भारपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. सहाव्या आठवड्यात गर्भाच्या मेंदू-मज्जारज्जूची नळी मिटते, हृदय धडधडू लागतं. तेव्हा पाळी चुकल्याचं जेमतेम लक्षात आलेलं असतं. म्हणून फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आधीपासूनच घेणं उत्तम. बाराव्या आठवड्यात गर्भ साधारण ५ ते ६ सेंटिमीटरचा असतो; मुख्य अवयव घडलेले असतात. आईला थकवा, वारंवार लघवी नेहमीचीच. रक्तस्राव किंवा पोटात तीव्र कळ मात्र अंगावर काढू नका. बारा आठवड्यांच्या आत सरकारी दवाखान्यात नाव नोंदवा. चौथ्या महिन्यापासून दर ९ तारखेला तिथे मोफत तपासणी होते.