कुंथतंय की रोखून धरतंय?

दोन-अडीच वर्षांचं मूल खेळता खेळता मध्येच थबकतं. पडद्यामागे किंवा सोफ्याच्या आडोशाला जाऊन ताठ उभं राहतं, पायावर पाय घट्ट आवळतं, टाचा उचलतं, चेहरा लालबुंद होतो. घरातले हळहळतात, ‘बिचारं किती कुंथतंय, शी होतच नाहीये!’ पण कुंथायचं असेल तर मूल उकिडवं बसतं, गुडघे पोटाशी घेतं. ताठ उभं राहून ढुंगण आवळणं म्हणजे आत आलेली शी आतच ठेवायची धडपड. लहान मुलांच्या हट्टी बद्धकोष्ठाची मेख इथे आहे, आणि बहुतेक घरांत नेमकं हेच उलटं वाचलं जातं.

सुरुवात साधी असते. ताप येऊन गेला, पाणी कमी प्यायलं गेलं, अंगावरचं दूध सुटून वरचं दूध वाढलं, प्रवास झाला किंवा डायपर सोडवायची घाई झाली, की एखाद दिवशी शी खड्यासारखी होते. बाहेर येताना गुदद्वाराला बारीक चीर पडते, कधी शीच्या कडेला लाल रक्ताची रेघ दिसते. मूल एवढंच शिकतं की शी आली म्हणजे दुखतं. पुढच्या वेळी कळ आली की ते रोखून धरतं. थोड्या वेळात कळ विरते, आणि त्याला वाटतं, जमलं!

आत मात्र मोठं आतडं थांबलेल्या शीतलं पाणी शोषत राहतं. शी आणखी कडक आणि जाड होते. दोन-तीन दिवसांनी ती नाइलाजाने बाहेर येते तेव्हा आधीपेक्षा जास्त दुखवते, आणि मुलाची भीती खरी ठरते. महिनोन् महिने असं चाललं की गुदाशय ताणून मोठा होतो आणि सैल पडलेल्या इलॅस्टिकसारखा त्याचा जोर जातो. तो भरल्याची जाणीवही बोथट होते. मग कडक गोळ्याच्या कडेने पातळ शी झिरपते, चड्डी खराब होते आणि घरचे जुलाब थांबवायचं औषध शोधायला लागतात. अशा मुलाला ‘एवढा मोठा झालास, तरी कळत नाही?’ असं विचारण्यात अर्थ नाही. त्याला खरोखरच कळत नसतं.

रोज शी झालीच पाहिजे असा काही नियम नाही. फक्त अंगावर पिणारं, काही महिन्यांचं तान्हं बाळ आठवडाभर शी न करताही ठणठणीत असू शकतं; झाल्यावर शी मऊ असली म्हणजे झालं. चार वर्षांखालच्या मुलात डॉक्टर महिनाभराचं चित्र बघतात: आठवड्यात दोन किंवा त्याहून कमी वेळा शी, रोखून धरण्याची सवय, कडक किंवा दुखरी शी, भलती जाड शी, गुदाशयात साचलेला गोळा. यातल्या दोन गोष्टी जुळल्या तर ते बद्धकोष्ठ. त्यामुळे रोज शेळीच्या लेंड्यांसारखी शी करणाऱ्या मुलालाही ते असू शकतं. दुखण्याचा इतिहास आणि तपासणी एवढ्यावर निदान होतं. पोटाचा एक्स-रे बहुधा लागत नाही.

शंभरातल्या नव्वदहून अधिक मुलांमध्ये यामागे दुसरा कुठलाही आजार नसतो. उरलेल्यांसाठी काही खुणा लक्षात ठेवाव्यात. जन्मानंतर पहिली काळी शी ४८ तासांच्या आत झाली नव्हती, त्रास पहिल्याच महिन्यात सुरू झाला, पोट टम्म फुगतं, हिरवट उलटी होते, वजन वाढत नाही, शी फितीसारखी चपटी येते, चीर नसताना रक्त पडतं, पायांत जोर कमी आहे किंवा कमरेच्या खाली मणक्यावर खळगा वा केसांचा पुंजका आहे, तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञाकडे जावं. हिरवी उलटी आणि फुगलेलं पोट असेल तर त्याच दिवशी. आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जातंतूंच्या पेशीच नसण्याचा हिर्शस्प्रुंग हा जन्मजात आजार किंवा थायरॉइडची कमतरता अशा खुणांतून पकडली जाते.

उपचाराचे टप्पे दोन, आणि त्यांचा क्रम चुकला की सगळं फसतं. आधी साचलेला गोळा काढायचा. तो तसाच ठेवून पालकाची भाजी आणि मनुकांचं पाणी वाढवलं, तर मागची शी पुढच्या गोळ्यावर येऊन थटते आणि पोटदुखी वाढते. गोळा काढायला हल्ली पहिली पसंती पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या पावडरीला असते. ती रक्तात जवळजवळ उतरत नाही. आतड्यात पाणी धरून ठेवते आणि शी मऊ करते. रूढ मात्रा वजनाच्या दर किलोला रोज १ ते १.५ ग्रॅम, तीन ते सहा दिवस. म्हणजे १२ किलोच्या मुलाला १२ ते १८ ग्रॅम. या दिवसांत घराचा धोबीघाट होतो, ते आधीच धरून चालावं. मात्रा अर्थात तपासणी करून डॉक्टरांनीच ठरवायची. एनिमानेही गोळा निघतो, पण ज्या जागेची मुलाला धास्ती आहे तिथेच पुन्हा हात लावावा लागतो.

दुसरा टप्पा कंटाळवाणा आणि खरा महत्त्वाचा. तीच पावडर कमी मात्रेत, दर किलोला सुमारे ०.४ ग्रॅमपासून, शी बघून कमी-जास्त करत रोज द्यायची. ती मिळत नसेल तर लॅक्ट्युलोजचं गोड सिरप. त्याने थोडा गॅस होतो. हे निदान दोन महिने चालतं, आणि त्रास पूर्ण थांबल्यावर महिनाभर गेला की मगच मात्रा हळूहळू उतरवायची. पण आठवडाभर शी छान झाली की ‘आता बस, सवय लागेल’ म्हणून घरातलं कोणीतरी बाटली कपाटात ठेवतं. या औषधांनी आतडं आळशी होत नाही. आतडं सैल करते ती साचलेली शी. ताणलेला गुदाशय आवळायला आणि मुलाच्या मनातून दुखणं पुसायला वेळ लागतोच, आणि तेवढे दिवस एकही शी दुखरी होऊ द्यायची नसते.

घरगुती उपायांत एरंडेल, साबणाची कांडी आणि तेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ अजून आहेत. देठाने त्या वेळी शी होतेही. पण रोखणाऱ्या मुलाला मागून काहीही टोचणं म्हणजे त्याच्या भीतीला खतपाणी. साबणाने आतली त्वचा चुरचुरते आणि एरंडेलाने पोटात मुरडा येतो. मला वाटतं, हे तिन्ही आता सोडून द्यायला हरकत नाही.

आहारात सगळे फायबर शोधतात, मी आधी दुधाची बाटली बघेन. वर्षापुढच्या मुलाला दिवसाला ४०० ते ५०० मिली दूध पुरे. प्रत्यक्षात ‘जेवत नाही ना, निदान दूध तरी’ म्हणत लिटरभर जातं. दुधाने पोट भरतं, मग भाकरी-भाजी कोण खाणार? लोहही कमी पडतं ते वेगळंच. फायबरचा एक ढोबळ हिशेब आहे: वय अधिक पाच, तितके ग्रॅम. दोन वर्षांच्या मुलाला सात. अर्धी ज्वारीची भाकरी, थोडी भाजी, मुगाचं वरण आणि पपईच्या चार फोडी यांत ते जवळपास भागतं. त्याहून जास्त कोंबल्याने बद्धकोष्ठ बरं होत नाही, पाण्याचंही तसंच. औषधं नीट देऊनही फरक नसेल तर डॉक्टर दोन ते चार आठवडे गायी-म्हशीचं दूध पूर्ण बंद करून बघायला सांगतात, कारण काही मुलांना त्यातलं प्रथिन सोसत नाही.

आता बसण्याबद्दल. आजी बाळाला आपल्या दोन पायांवर बसवून शी करायला लावते, त्यात मोठं शहाणपण आहे. ढुंगणाला आधार, गुडघे कमरेच्या वर, पाय टेकलेले. या स्थितीत गुदाशयाभोवतीचा स्नायू सैल होतो आणि वाट सरळ होते. कमोडवर पाय लोंबकळत बसलेलं मूल पडू नये म्हणून अंग आवळून धरतं. म्हणून वर लहान सीट आणि पायाखाली पाट किंवा स्टूल हवंच. जेवणानंतर अर्ध्या तासात आतडं आपणहून ढवळतं, तेव्हा पाचेक मिनिटं बसवावं, दिवसातून दोनदा. शाबासकी बसल्याबद्दल द्यायची, शी झाल्याबद्दल नाही. मूल बसायलाच घाबरत असेल तर डायपर पुन्हा घालावं. महिनाभर डायपरमध्येच मऊ शी झाली तरी चालेल.

औषध बंद झाल्यावर लग्नाच्या गावी, तापात किंवा बालवाडी सुरू झाली की मूल पुन्हा पडद्यामागे दिसू शकतं. बालवाडीतला संडास त्याला आवडत नाही, बाईंना सांगायला लाजतं. तेव्हा आठवडा वाट पाहण्यापेक्षा डॉक्टरांना फोन करून दोन दिवसांत आधीची मात्रा सुरू करावी. आणि बाईंना आधीच सांगून ठेवावं की याला मधल्या सुट्टीनंतर पाच मिनिटं बसवा, पायाखाली काहीतरी द्या.